बाटलीतलं संत्रं

वैशाख लागला की अकोल्यात दुपारी माणसं दिसत नाहीत. जठारपेठेतली दुकानं अर्धी मिटून झोपतात, कुत्री नळाखालच्या ओल्या जागेत पोट टेकून पडतात, आणि घराघरांतून कूलरची घरघर तेवढी चालू राहते. या दिवसांत माझं वाचन होत नाही आणि झोपही होत नाही. मी खाटेवर पडून वरच्या मजल्यावरच्या तान्ह्या मुलीचं रडणं ऐकते. ते रडणं चांगलं आहे. भुकेचं, हट्टाचं, दात शिवशिवण्याचं. रडण्याची पारख मला एकाच उन्हाळ्यात झाली आणि ती अजून गेलेली नाही.

परवा त्या मुलीची आई, मनीषा, खाली आली. हातात रसाचा कागदी खोका होता. "आजी, हा ज्यूस हिला दिला तर चालेल का? फळ दिलं की थुंकते. यावर तर लिहिलंय, सगळं फळाचंच आहे म्हणून." मी खोका हातात घेतला. फ्रिजमधला थंडगार होता. वर कापलेल्या संत्र्याचं चित्र होतं आणि चित्रातल्या संत्र्यावर पाण्याचे थेंबसुद्धा काढले होते. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं होतं. पण त्या संत्र्याकडे बघता बघता मी तो खोका असा घट्ट धरून बसले की मनीषाच घाबरली. "आजी, पाणी देऊ का?" म्हणाली.

माझ्या तरुणपणची गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, आणि आमच्या अकोल्याच्या घरात वडील वकील असल्यामुळे सगळं कसं नव्या रीतीचं होतं. पाणी उकळून, दूध उकळून, भांडी उकळत्या पाण्यातून काढून. मी लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा होऊन माहेरी परत आले होते. माझी धाकटी बहीण कुमुद अमरावतीला दिली होती. तिचे यजमान दिनकरराव तिथे शाळामास्तर होते. कुमुद श्रावणात बाळंतपणासाठी आमच्याकडे आली, तिला मुलगी झाली, आणि बाळंतपणाच्या तापात कुमुद गेली. घरात रिकामी मांडी एक माझीच होती. मुलगी तिथे येऊन पडली. तिचं नाव शकू.

गाईचं दूध तिला पचेना. डॉक्टरांनी डब्यातलं विलायती दूध सांगितलं. पावडर उकळत्या पाण्यात कालवायची, पुन्हा एकदा उकळी आणायची, निववून चोचीच्या बोंडल्यानं पाजायचं. मी ते काम पूजेसारखं केलं. शकू अशी गुटगुटीत झाली की शेजारच्या बायका तिची दृष्ट काढायला लावत. हिवाळ्यात संत्र्यांचा बहार आला. दिनकरराव शनिवारच्या गाडीनं येत तेव्हा अमरावतीहून करंडी घेऊन येत. सगळं घर संत्र्याच्या सालीच्या वासानं भरून जाई. आम्ही सगळे उन्हात बसून खात होतो आणि शकू माझ्या मांडीवरून हात पुढे करत होती. एकदा मी फोड सोलून तिच्या ओठाला लावली, तर आई म्हणाली, "थंडीत संत्रं? सर्दी होईल पोरीला." मी हात मागे घेतला. त्यात आईचं काही चुकलं नव्हतं. त्या वेळी सगळ्याच घरांत असंच म्हणत.

होळी झाली आणि शकूचं पाय झाडणं थांबलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. शांत झाली, शहाणी झाली, असं आई म्हणाली. मग तिला उचललं की ती रडायला लागली. मग कुणी खाटेजवळ आलं तरी रडायला लागली, हात लागेल या भीतीनं. पाय गुडघ्यात दुमडून बाहेर टाकलेले, बेडकासारखे, आणि तसेच पडून राहिलेले. वरचे दात येत होते त्या जागी हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या, बोंडलं तोंडातून काढलं की टोकाला रक्त दिसे. तेल लावणाऱ्या बाईनं एकदा पायाला हात लावला आणि शकूनं जो आवाज काढला तो ऐकून तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. "ताई, म्या नाई हात लावत," ती म्हणाली. "पोरीच्या हाडात काईतरी हाय." ती परत आली नाही.

डॉक्टर कधी दात म्हणाले, कधी वात म्हणाले. ते भले गृहस्थ होते, रोज येत. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत असे की त्यांना कळत नाही. शेवटी म्हणाले, "अशक्तपणा फार आहे. फळांचा रस सुरू करा. संत्र्याचा उत्तम." चैत्र संपत आला होता. संत्री संपलेली होती. बागांत झाडांवर फक्त पानं आणि धूळ होती.

दिनकररावांना अमरावतीच्या एका औषधांच्या दुकानात बाटली मिळाली. उंच, काचेची, मानेला सोनेरी कागद, आणि वर लेबल. लेबलवर कापलेलं संत्रं. आत रस इतका केशरी की खरं संत्रं त्याच्यापुढे फिकं वाटावं. त्यांनी ती धोतरात गुंडाळून मांडीवर ठेवून आणली होती. गाडीच्या धक्क्यानं फुटू नये म्हणून. "अक्का, मुंबईहून येते ही," ते मला म्हणाले. "दुकानदार सांगत होता, मोठमोठ्या डॉक्टरांची मुलं हीच पितात." कुमुद गेल्यापासून त्या माणसाच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा काहीतरी उजेडासारखं पाहिलं. मी चमच्यानं शकूला रस दिला. तिनं ओठ चाटले आणि आणखी मागितला. आम्ही दोघंही त्या चमच्याकडे बघत राहिलो.

आज वाटतं, हताश माणसाला लेबलाची किती ओढ असते. ते छापलेलं असतं, म्हणजे कुणीतरी विचार करून ठेवला आहे, कुणाला तरी माहीत आहे, असा धीर येतो. बाटली उघडायची, मोजून चमचा द्यायचा, बूच घट्ट लावायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. एवढं केलं की दिवसभरात आपण काहीतरी केलं असं वाटतं. शकूला रस आवडत होता, ही तर मोठीच गोष्ट होती. जे आवडीनं पोटात जातं ते अंगी लागणारच, असं मी मनाला बजावत होते. एक बाटली संपली की दिनकरराव दुसरी आणत. आणि शकू बाटलीगणिक वाळत होती. गाल बसले. एका डोळ्याखाली काळंनिळं झालं, कुणी मारल्यासारखं. ताप उतरेना. आई देवघरातून उठेनाशी झाली आणि एक दिवस माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "कुमुद तिला बोलावते आहे ग. तू फार गुंतू नकोस."

मी आत गेले, शकूची दुपटी गाठोड्यात बांधली आणि दादांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं की मी हिला अमरावतीला नेते. तिथे बायकांच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत असं ऐकलं होतं. दादा म्हणाले, "या उन्हात? वाटेतच काही झालं तर?" मी म्हणाले, "इथे काय होणार आहे ते दिसतंच आहे." त्यांच्यापुढे मी असं कधी बोलले नव्हते. त्यांनी टांगा आणायला सांगितलं.

तो प्रवास मला नीट सांगता येत नाही. शकूला उशीवर ठेवून उशी मांडीवर घेतली होती, अंगाला हात लागू नये म्हणून. डब्याचं लाकूड तापलेलं, खिडकीतून येणारा वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा. रुळांचा सांधा आला की गाडी हलायची, गाडी हलली की शकू किंचाळायची. मी पुढच्या सांध्याची वाट बघत बसायची. मूर्तिजापूर येईतो तिच्यात किंचाळण्याचं त्राण राहिलं नाही, नुसतं तोंड उघडायची. ते त्या रडण्याहून वाईट होतं. मी फडकं ओलं करून तिच्या कपाळावर ठेवत होते आणि मनात म्हणत होते, कुमुद, न्यायचंच असेल तर आत्ता ने, हे असं सांध्यासांध्यानं नको. आईच्या तोंडून जे मला सहन झालं नव्हतं ते आता मीच बोलत होते. बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. एका हमालानं उशीसकट शकूला दोन्ही हातांवर घेतलं आणि काचेचं भांडं न्यावं तसं दुसऱ्या गाडीत आणून ठेवलं.

दादांची तार मिळून दिनकरराव अमरावतीच्या स्टेशनवर आले होते, तिथून आम्ही थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी शकूचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, डोळ्याखालचा डाग पाहिला, नडगीवर अगदी हलकं बोट ठेवलं आणि ती किंचाळताच काढून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"काय खाते?"

"डब्यातलं दूध. दोनदा उकळून."

"ताजं काय?"

"संत्र्याचा रस," दिनकरराव पुढे होऊन म्हणाले. पिशवीतून त्यांनी नवी बाटली काढली. बाईंनी ती उघडून चमच्यात ओतली, जिभेला लावली आणि चमचा खाली ठेवला.

"साखर आहे," त्या म्हणाल्या. "रंग आहे, वास आहे. कधीकाळी संत्रंही असेल. बाटली नासू नये म्हणून रस तापवतात, मग तो गोदामात पडतो, दुकानात पडतो. तुमच्या मुलीला जे हवं होतं ते त्यातून केव्हाच गेलं. तिला ताजं फळ मिळालेलं नाही, कधीच. पूर्वी जहाजावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या खलाशांना हे दुखणं व्हायचं. हाडांच्या पातळ सालीखाली रक्त साकळतं. म्हणून हात लावू देत नाही."

"मग ती..." दिनकररावांना पुढे बोलता येईना. मीच विचारलं, "वाचेल का?"

"उशीर झाला आहे. फार झाला नसला तर वाचेल. लिंबू आणा. टोमॅटो मिळाला तर तो. पिळायचं आणि लगेच पाजायचं. उकळायचं नाही, ठेवायचं नाही."

हे सगळं मला त्या परवाच्या दुपारी मनीषाला सांगायचं होतं, आणि सांगितलंही, तुटक तुटक. ती म्हणाली, "पण आजी, आता त्यात व्हिटॅमिन वरून घालतात." घालत असतील. जग सुधारलं आहे, मी नाही म्हणत नाही. प्रवासात, आजारपणात, कुठे काहीच नसताना तो खोका बरा. पण माणूस दोन संत्री खातो आणि त्याचं पोट भरतं. तीच चार-पाच पिळून पेल्यात दिली तर एका दमात पितो आणि पुन्हा भूक लागते, कारण चोथा, सालीखालचं पांढरं, चावणं, सगळं बाजूला गेलं आणि गोडवा तेवढा उरला. आता तर कारल्याचा, दुधीचा, आवळ्याचाही रस बाटलीत मिळतो. आमच्या गल्लीतली माणसं सकाळी तो नाक मुरडून पितात आणि भाजीवाली दारावरून ओरडत जाते तिच्याकडे बघत नाहीत. मी मनीषाला एवढंच म्हणाले, थुंकू दे. थुंकत थुंकतच शिकते. पुन्हा दे.

त्या दिवशी अमरावतीच्या बाजारात लिंबू नव्हतं. शकूला दवाखान्यात ठेवून मी आणि दिनकरराव निघालो होतो. गोणपाटाच्या सावलीत बायका कांदे आणि वाळलेल्या गवारीपुढे पेंगत बसल्या होत्या. टोमॅटो विचारला तर हसल्या. "आता कुठचे भेदरे? उन्हाळा हाय बाई." दिनकररावांनी टोपी काढून हातात घेतली होती, डोक्यावर ऊन लागत होतं, त्यांना त्याचं भान नव्हतं. ते प्रत्येकीपुढे वाकून तेच विचारत होते, जिला विचारून झालं तिलाही पुन्हा. शेवटी एक माळीण, माझ्या आईच्या वयाची, आमच्याकडे बघत म्हणाली, "कोन बिमार हाय?"

"तान्ही मुलगी आहे," मी म्हणाले.

"माह्या मळ्यात झाड हाय निंबूचं, हिरीपाशी. बारके असतीन. बसा इतंच." ती डोक्यावर पदर घेऊन त्या उन्हात निघून गेली. परत येईपर्यंत आम्ही तिच्या कांद्यांपाशी बसून राहिलो. तिनं ओटी सोडली तेव्हा हिरवी, कडक, सुपारीपेक्षा थोडी मोठी अशी लिंबं होती. दिनकररावांनी पैसे पुढे केले. तिनं घेतले नाहीत. तिची नजर त्यांच्या पिशवीतून वर आलेल्या सोनेरी कागदावर होती.

"ते काय हाय?"

"संत्र्याचा रस," ते म्हणाले.

"मले द्या ते. माह्या नातीले. लय किरकिर करून राहिली."

मी म्हणाले, "बाई, त्यात काही नाही. नुसती साखर आहे. डॉक्टरीणबाईंनी आत्ताच सांगितलं. तुमच्या झाडाचं लिंबू तिला द्या, ते याहून लाखपट चांगलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. तिला या उत्तराची सवय असावी.

"तुमच्या पोरीले चालते," ती म्हणाली, "मंग आमच्या पोरीले काहून नाई?"

आमच्याच पोरीला ते चाललं नव्हतं, हे मी तिला कसं पटवणार होते? मी बाटली काढून तिच्या हातात दिली. तिनं ती पदराखाली धरली, कुणाची नजर लागू नये अशी. तिच्या ओटीत अजून एकदोन लिंबं राहिली होती, तीही तिनं काढून माझ्या हातावर ठेवली. त्या बाईच्या मळ्यात विहीर होती, झाड होतं, आणि ती ते सगळं मागे टाकून एका बाटलीसाठी हात पसरत होती. शकूच्या दुखण्याइतकंच हेही मला लागून राहिलं आहे. तेव्हा उमजलं की आम्ही शिकलेली माणसं एकटीच फसलो नव्हतो. आमचं बघून दुसरेही तीच वाट धरणार होते.

पुढचे दिवस वाईट होते. लिंबाचा रस पाण्यात मिसळून, साखरेची चिमूट घालून दिला, तरी सोललेल्या हिरड्यांना तो झोंबत होता. शकू बाटलीतला रस मागून प्यायली होती. हा ती जिभेनं बाहेर ढकलत होती, आणि मी तिचे गाल धरून पुन्हा आत घालत होते. नडगीला हात लावायचा नाही आणि तोंड तर धरावंच लागायचं. दिनकरराव भिंतीकडे तोंड करून लिंबं पिळत असत. त्यांच्या बोटांना चिरा पडल्या होत्या, त्यात रस जात होता. एकदा ते तसेच पाठमोरे म्हणाले, "अक्का, मी तिला साखरेचं पाणी पाजत होतो. पोर मरत होती आणि मी मांडीवर बाटली जपत येत होतो."

"दुसरं काय करणार होता तुम्ही?" मी म्हणाले.

"एक लिंबू," ते म्हणाले. "घरात असतं ते. वरणावर पिळतो ते." आणि मग बराच वेळ त्यांच्या खांद्यांचं हलणं थांबलं नाही. मी शकूला आणखी एक चमचा दिला.

मग एका सकाळी मी तिचं दुपटं बदललं आणि ती रडली नाही. माझ्या ते हात धुतानाच लक्षात आलं. मी परत खाटेशी गेले. माझी सावली पडली तरी तिनं तोंड वाकडं केलं नाही. मी वाकून तिच्या तळपायाला करंगळी लावली. तिनं अंगठा हलवला. दिनकरराव दाराशी उभे होते, त्यांना मी हातानं नुसतं जवळ बोलावलं. त्यांनीही करंगळी लावली. पायाचा अंगठा पुन्हा हलला. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा आम्ही दोघं खाटेच्या दोन बाजूंना जमिनीवर बसलो होतो. त्यांनी हिरड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "दूध ताजं सुरू करा. गाईचं, पाणी घालून. आता पचेल." जाताना शकूच्या जावळावरून हात फिरवून गेल्या.

निघायच्या आदल्या दिवशी दिनकरराव म्हणाले, "घरून लग्नाचं बोलताहेत, अक्का. मी नाही म्हणत होतो. किती दिवस म्हणता येईल माहीत नाही." थोडं थांबून म्हणाले, "दुसरी आली तरी शकू तुमच्याकडेच राहू दे. मी मागणार नाही." मी मान हलवली. हे कुठे लिहून घेतलं नाही, आणि ते शब्दाला जागले.

परतीच्या गाडीत गर्दी होती. ऊन तेच, वारा तोच. शकू माझ्या मांडीवर, मधे उशी न ठेवता, आणि दोन्ही पायांनी माझं पोट तुडवत होती. समोर एक खेडूत बाई गाठोड्यावर हात ठेवून बसली होती. तिनं शकूला चुटकी वाजवून दाखवली. शकू हसली. तिच्या हिरड्या गुलाबी होत्या.

"कोनाची वो पोरगी?" बाईनं विचारलं.

"माझी."

तिची नजर माझ्या पांढऱ्या कपाळावर गेली आणि चेहरा उतरला. "बाप नाई पायला का हिनं?"

"पाहिला ना," मी म्हणाले. "अमरावतीला आहे. आत्ताच गाडीत बसवून गेला."

ती बाई माझ्या कपाळाकडे आणि शकूकडे आळीपाळीनं बघत राहिली. डब्यातल्या आणखी एकदोघी बघायला लागल्या. मी खाली बघितलं नाही. मग ती गाठोडं उचलून सरकली आणि तिनं खिडकीजवळची जागा आम्हाला दिली.